काम हिरड्याचं, नाव दुसऱ्याचं

भोरचा राजवाडा तुम्ही पाहिला आहे. प्रत्यक्ष नसेल, तर सिनेमात पाहिला आहे; तिथे अधूनमधून कुणाचं तरी लग्न किंवा कुणाचा तरी खून चाललेला असतो. राजगड-तोरण्याचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. कातडी कमावण्याची गोष्टही, म्हणजे तिची छापील आवृत्ती, ठाऊक आहे: झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं सज्जन, क्रोमचं चामडं खलनायक आणि कोल्हापुरी चप्पल नायिका. ही झाली प्रेक्षकांसाठीची गोष्ट. मी तीसेक वर्षं विंगेत उभा होतो. भोर आणि वेल्ह्यातून (कागदावर आता राजगड तालुका) हिरडा गोळा करायचा, टॅनऱ्यांना पोचवायचा आणि माल उतरला की त्यांच्या शिव्या ऐकायच्या, एवढंच माझं काम. नाटक कंपनीत चहावाल्याची जी पायरी, ती माझी. पण चहावाल्याला प्रत्येक नटाची खोली उघडी असते.

बाजीप्रभूंचं हिरडस मावळ याच भोर तालुक्यातलं. नाव हिरड्यावरून पडलं, असं इथला माणूस छातीठोकपणे सांगतो. इंग्रजी अमदानीत आपल्याकडचा हिरडा जहाजं भरभरून विलायतेला जायचा, कारण त्याच्या सुक्या गरात जवळजवळ तिसरा हिस्सा टॅनिन. विलायती दलालांच्या यादीत त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या: भिमली, जबलपूर, राजपूर, व्हिंगोर्ला. व्हिंगोर्ला म्हणजे आपलं वेंगुर्लं. आता वेंगुर्ल्याच्या वाळूत हिरडा किती पिकतो, असं विचारू नका. तिथे बंदर होतं. माल जंगलात पिकतो आणि नाव बंदराचं लागतं. भोरला बंदर नव्हतं, त्यामुळे यादीत भोरही नव्हतं.

धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. वेल्ह्याकडच्या एका वाडीवर खरेदीला बसलो होतो. एका आज्जीचं पोतं उचललं आणि मनगटाला शंका आली. हिरडा फोडला, आतून लिबलिबीत. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “आज्जी, हे पाणी कशाला विकताय?” आज्जीने आधी माझ्या काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमचा काटा जेवढा कमी दावतो, तेवढंच मारलंय बाबा. जास्त न्हाई.” संध्याकाळी काटा तपासला. आज्जीचा हिशोब बरोबर होता.

एकाच झाडाला तीन नावांचा माल लागतो, हे शहरात सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. कोवळं असताना उतरवून वाळवलं की बाळहिरडा, थोडं जून झाल्यावर चांभारी हिरडा आणि पूर्ण भरल्यावर सुरवारी. बाळहिरड्यावर औषधवाल्यांचा डोळा, चांभारीवर टॅनरीवाल्यांचा. म्हणजे पोट आणि पाय यांचं भांडण थेट फांदीवर. औषधाचा भाव चढला की झाड कोवळेपणीच रिकामं होतं आणि टॅनरीवाला पुढे हात चोळत बसतो. एका वर्षी आमच्या गोदामात पोत्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि टॅनरीची पोती काढेवाल्याकडे गेली. आठ दिवस माझा घास घशाखाली उतरला नाही. तक्रार आलीच नाही. आलं ते पुढच्या हंगामाचं पत्र: “गेल्या खेपेसारखाच माल पाठवावा.”

इथे दोन वाक्यांचं शास्त्र सांगतो, म्हणजे पुढची भांडणं कळतील. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर कुजतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं; ते कमवायचं म्हणजे त्यातले प्रथिनांचे तंतू अशा एखाद्या दोराने बांधायचे की कुजवणाऱ्या जंतूंना ते सुटू नयेत. तो दोर हिरडा-बाभळीच्या टॅनिनचा असतो, क्रोमियमच्या क्षाराचा असतो, तुरटीचा किंवा माशाच्या तेलाचाही असतो. सगळं वैर दोर कुणाचा, यावरून.

माझी पहिली फजिती लोखंडाने केली. कोल्हापूरकडच्या एका जुन्या कारखान्यात हिरड्याचं पाणी साठवायला जागा नव्हती. मी हुशारी करून डांबराचं रिकामं पिंप धुऊन घेतलं आणि त्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यातून निघालेल्या कातड्यांवर निळे-काळे ढग. टॅनिन आणि लोखंड भेटले की शाई होते. हिरड्याची शाई आपल्या पूर्वजांनी वापरली ती याच गुणावर. तिथले मुख्य कारागीर मामा. पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावणाऱ्या ढोर समाजातले. (गावाला मोट, पखाल, वहाणा ज्यांनी पुरवल्या, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. ही या नाटकातली सर्वांत जुनी चूक आणि तिचा किस्सा होत नाही.) मामांनी पिंपात डोकावून म्हटलं, “शाई झाली की रं. लिही आता मालकाला चिठ्ठी.” मी चिठ्ठी लिहायला बसलो, तोवर मामांनी गंजके खिळे आणि पत्र्याचे तुकडे गोळा करून उरलेली कातडीही त्याच पाण्यात बुडवली. डाग शोधायला जागाच राहिली नाही. तो माल “अस्सल देशी काळा” म्हणून गेला आणि नेहमीपेक्षा दोन पैसे जास्त देऊन गेला.

याच कारखान्यात एकदा एका मासिकाचे छायाचित्रकार आले. पारंपरिक कमावणी टिपायची होती. ती दिसते मोठी देखणी: कातडं शिवून त्याचीच पिशवी करतात, तिपाईला टांगतात, आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरतात. पाणी कातड्यातून थेंबथेंब झिरपतं, खालच्या भांड्यात पडतं, पुन्हा वर ओततात. महिना-दीड महिन्याची तपश्चर्या. “वा! रसायनाचा स्पर्श नाही,” पाहुणे म्हणाले. मामा गप्प. मी मात्र पायाने एक पोतं हळूच भिंतीआड सरकवलं. त्यात सोडियम सल्फाइड होतं. पिशवी शिवण्याआधी कातड्यावरचे केस काढावे लागतात; ते चुन्याच्या हौदात निघतात आणि काम लवकर व्हावं म्हणून चुन्याच्या जोडीला सल्फाइड पडतं. हिरड्याच्या कारखान्यात पडतं, क्रोमच्याही पडतं. चामड्याच्या धंद्यातली निम्म्याहून जास्त घाण या पहिल्या अंकातच होते. नायक आणि खलनायक दोघेही त्यानंतर रंगमंचावर येतात. मासिकात फोटो सुरेख आला. एका कोपऱ्यात पोत्याचा कान दिसतोय, तेवढा मला.

त्या पोत्याची खरी ताकद मी दुसऱ्या एका टॅनरीत पाहिली. नव्या पोऱ्याने चुना-सल्फाइडचं पाणी गटारीत सोडलं आणि पाठोपाठ आम्लाची बादली तिरकी केली. या दोघांची भेट झाली की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्याचा वास भपकन आला. पोऱ्या नाक धरून उभा राहिला आणि क्षणभराने हसत म्हणाला, “गेला वास!” हे ऐकताच म्हाताऱ्या मुकादमाने त्याची कॉलर धरून त्याला फाटकापर्यंत फरफटत नेलं. हा वायू दाट झाला की आधी नाकाची शुद्ध हरपते, माणसाची नंतर. मुकादम धापा टाकत सांगत होता, “वास आला तर पळ. आणि वास गेला तर त्याहून जोरात पळ.” पोऱ्याची तक्रार एकच होती: शर्टाची दोन बटणं तुटली.

सगळ्यांच्या नशिबी मुकादम नसतो. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे तमिळनाडूतल्या राणीपेटला टॅनरीच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली आणि १० माणसं गेली, बहुतेक झोपेतच. ती टाकी होती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाची.

आता खलनायकाची जन्मकथा. क्रोम कमावणी लोकांना अवजड उद्योगाची लेक वाटते. ती जन्मली बायकांच्या कॉर्सेटपायी. कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांवर तुरटी-मिठाने कमावलेलं चामडं चढवायचे आणि घामाने पट्ट्या गंजायच्या. पोलाद गंजवणार नाही असं चामडं शोधता शोधता ऑगस्टस शुल्ट्झ या रंगाच्या धंद्यातल्या माणसाला क्रोमचा मार्ग सापडला, असं सांगतात. पेटंट १८८४ चं, अमेरिकेतलं. पण त्याच्या दोन हौदांच्या रीतीत पहिला हौद डायक्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या सर्वांत विखारी रूपाचा. कामगारांच्या बोटांना भोकं पडल्यासारख्या जखमा व्हायच्या. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने एका हौदाची, सौम्य क्रोमची रीत आणली, तेव्हा कुठे हात वाचले. पोलादाला गंज लागू नये, ही काळजी कामगारांच्या हातांच्या आधी घेतली गेली होती.

हिंदुस्थानात क्रोम रुजवलं मद्रासच्या आल्फ्रेड चॅटर्टन यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांच्या डोळ्यांपुढे बूट-पाकिटं नंतर आली. आधी होती विहिरीची मोट. हिरडा-सालीचं चामडं सतत भिजलं की मऊ पडतं, त्याला वरचेवर तेल पाजावं लागतं. क्रोमची मोट पाण्याला दाद देत नाही. आमचे हिरडेवाले त्या काळी नक्कीच चरफडले असणार. त्यांनी चरफडायची घाई केली. कारण याच चॅटर्टनसाहेबांचा दुसरा छंद होता विहिरींवर तेलाचं इंजिन आणि पंप बसवण्याचा. मोटेचं चामडं सुधारणाऱ्या साहेबानेच मोट मोडीत निघण्याची सोय करून ठेवली.

मामा आणि क्रोमवाले तरुण केमिस्ट यांची जुगलबंदी मी पंचाच्या खुर्चीवरून पाहिली आहे. केमिस्टने आव्हान दिलं: उकळत्या पाण्यात दोघांच्या चामड्याचा एकेक तुकडा टाकायचा. टॅनरीतली ही नेहमीची परीक्षा. चूल पेटली, पातेलं चढलं. क्रोमचा तुकडा तीन मिनिटांनीही जसाच्या तसा, सपाट. मामांचा तुकडा पापड तळताना वळतो तसा वळला आणि आक्रसून सुपारीएवढा झाला. केमिस्ट विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागला. मामा म्हणाले, “आमच्यात चप्पल शिजवून न्हाई घालत.” तेवढ्यात आच कमी झाली म्हणून चुलीपाशी बसलेल्या पोराने क्रोमच्या कातरणाची मूठ जाळात टाकायला उचलली. केमिस्ट किंचाळला, “अरे, ते जाळू नकोस!” क्रोमचं चामडं जाळलं की त्यातलं निवांत क्रोमियम विषारी रूप घेऊ शकतं, बंबात, चुलीत, गुऱ्हाळात ते कधीही घालू नये. मामांनी शांतपणे आपल्या हिरड्याच्या कातरणाची टोपली पोराकडे सरकवली. पहिली फेरी केमिस्टची, दुसरी मामांची आणि पातेल्यातलं पाणी कुणीच ओतायला तयार नाही.

क्रोमचे हे दोन अवतार टॅनरीत “तीनवाला” आणि “सहावाला” म्हणून ओळखले जातात. चामडं कमावतो तो तीनवाला. त्याची बदनामी बरीचशी उसनी आहे. सहावाला कातडीला पुरळ आणतो, फुप्फुसात गेला तर कर्करोगापर्यंत पोचवतो. गोची अशी की कमावताना एक थेंबही सहावाला न वापरता, नंतर ऊन, उष्णता आणि चामड्याला पाजलेलं चुकीचं तेल यांच्या संगतीने तीनवाला बिघडू शकतो. कातडीला लागणाऱ्या चामड्यात किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सहावाला चालणार नाही, असा नियम युरोपने १ मे २०१५ पासून लावला. त्या सुमारास एका निर्यातदाराची गाडी आमच्या गोदामापुढे उभी राहिली. हेच गृहस्थ पूर्वी आम्हाला “पालापाचोळावाले” म्हणायचे. मालाच्या चाचणीत सहावाला निघाला होता. क्रोमनंतर चामड्याला झाडाच्या टॅनिनचा हलका हात दिला की तीनवाला बिघडायला धजत नाही. आवळ्यासारखा हिरडाही बिघाडाला आवर घालतो. त्यांनी पोती उचलली, पैसे रोख दिले आणि पावती करताना मला थांबवलं. “हिरडा लिहू नका. रिटॅनिंग एजंट लिहा. बायरला बरं वाटतं.”

एवढं ऐकून हिरडेवाले लगेच हवेत जातात, म्हणून त्यांचाही एक किस्सा सांगतो. “आमचं पाणी शंभर टक्के नैसर्गिक,” म्हणत एका कारखान्याने हिरडा-बाभळीचं वापरलेलं पाणी सरळ ओढ्याला लावलं. ओढा कडक चहासारखा झाला आणि तिसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगले. टॅनिनचं पाणी ओढ्यातला प्राणवायू ओढून घेतं. विष लागतच नाही. जुन्या क्रोम रीतीत हौदातलं क्रोमियम सुमारे दोनतृतीयांशच कातड्यात शिरतं आणि उरलेलं गटारीत जातं, म्हणून तिथे ते परत मिळवण्याची यंत्रं बसवावी लागतात, निरीक्षक येतो, वही असते. नैसर्गिकवाल्यांकडे निरीक्षक फिरकत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आला, तो मासे घ्यायला.

मग घ्यावं काय, असं मला नातेवाईक विचारतात. उत्तर पायावर आणि हवामानावर अवलंबून. हिरडा-सालीचं चामडं घाम पितं, महिन्याभरात पायाचा आकार घेतं, कचऱ्यात गेल्यावर मातीला फारसं जड होत नाही. पण भोरच्या पावसात त्यावर हिरवी बुरशी चढते, म्हणून मृगाच्या आधी कोल्हापुरी माळ्यावर. क्रोमचं चामडं मऊ, पातळ, पाण्याला आणि उष्णतेला टिकाऊ, दिवस-दोन दिवसांत तयार. पण त्याचं पाणी आणि कातरण सांभाळणारा मालक हवा. ज्याला पुरळ उठतं, त्याने हिरडावालं घालावं. हे मी जावयाला समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दिवाळीला रेक्झिनची चप्पल आणली.

आणि रेक्झिनवरून आठवलं. ज्या भोरच्या डोंगरांनी जगाला चामडं कमावायला हिरडा दिला, त्याच भोर संस्थानात नकली चामड्याचं कापड काढणारी कंपनीही जन्मली: भोर इंडस्ट्रीज. या कापडासाठी कारखान्यात जी कच्ची पीव्हीसी फिल्म मधल्या टप्प्यावर तयार होते, तिच्यावर अबकारी कर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८९ मध्ये निकाल लागला: जी वस्तू बाजारात विकली जाण्याजोगी नाही, ती करापुरता “माल”च नव्हे. वकील मंडळी हा निकाल अजून तोंडपाठ सांगतात. मला त्यात आमच्या हिरड्याची कुंडली दिसते. मधल्या टप्प्यावर राबायचं आणि शेवटच्या मालात दिसायचं नाही. भोरचं नाव एकदाचं मोठ्या निकालावर आलं, तेही नकली चामड्यापायी.

खुद्द झाडांचं काय झालं, तेही विंगेतलंच. पानशेत धरण झालं, रस्ते आत शिरले आणि त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले. वर्षानुवर्षं फळ देणारे हिरडे डोंगरातल्या लोकांनी कवडीमोलाने तोडायला दिले. या भागातल्या देवराया पिंजून काढणाऱ्या माधव गाडगीळांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पुण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या विसरल्या नाहीत. धरणामागे काय तुटलं, त्याची जयंती-पुण्यतिथी कुणी धरत नाही. देवरायांतले हिरडे तेवढे राहिले, कारण देवाशी भावाची घासाघीस करता येत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, म्हणून महाराष्ट्र खवळला. खवळायलाच हवं होतं. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे ४ आणि कर्नाटकाचे ४ जिल्हे आहेत. पुणे जिल्हा त्यात नाही, आणि नसावाही. चप्पल आमची नव्हेच. आमचा फक्त दोर.

त्या पावसाळ्यानंतर वेल्ह्याच्या वाडीवर गेलो, तेव्हा ती आज्जी अंगणात हिरडे पसरत होती. आता पार वाकलेली. मी पायातली नवी कोल्हापुरी काढून दाखवली. म्हटलं, आज्जी, ह्यात तुमचा हिरडा आहे. आणि तसलीच एक चप्पल परदेशात लाखभर रुपयांना विकायला काढल्याची बातमी होती. आज्जीने चप्पल हातात घेतली, उलटी केली, तळव्याला नाक लावून हुंगली. ओळखीचा वास असावा, कारण मान हलवली. मग डोळे बारीक करून तिने माझ्याकडे तीस वर्षांपूर्वीसारखंच पाहिलं.

“लाखाला व्हय? आन् काटा कुणाचा व्हता?”